सायलेन्सरचा गडगडाट आणि आपले कान

सुट्टीच्या दिवशी भल्या पहाटे कांजूरमार्गला पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेला उभे राहिले, तर नाशिककडे नाहीतर माळशेज घाटाकडे निघालेल्या मोटारसायकलींचे जथेच्या जथे दिसतात. दिसण्याआधी ते ऐकू येतात! कंपनीचा सायलेन्सर काढून बाजारातला दुसरा बसवायचा, म्हणजे गाडी ‘गरजते’, अशी तरुणांची समजूत. हे वेड आता तालुक्याच्या गावांतही पोहोचले आहे. म्हणून या आठवड्यात त्याविषयी थोडेसे.

इंजिनात पेट्रोलचा भडका उडाला की तप्त वायू मोठ्या दाबाने बाहेर पडतात. सायलेन्सरमधील कप्पे आणि भोके पाडलेल्या नळ्या यांतून फिरताना त्यांचा जोर व आवाज मंदावतो. बाजारातल्या पुष्कळशा सायलेन्सरांत ही व्यवस्था अपुरी असते, किंवा मुद्दाम काढून टाकलेली असते. त्यामुळे आवाज दाबला न जाता थेट बाहेर येतो.

आपल्या अंतर्कर्णात सुमारे 15 हजार सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनिलहरींमुळे त्या हलतात आणि मेंदूपर्यंत संदेश जातो. मोठ्या आवाजाने त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो, असे साधारणपणे मानतात. पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 94 डेसिबलला एक तास, तर 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे! दुखत नाही, रक्त येत नाही. म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. प्रवासानंतर कानात शिट्टी वाजल्यासारखे होणे, दडे बसल्यासारखे वाटणे, गर्दीत समोरच्याचे बोलणे न कळणे, ही सुरुवातीची लक्षणे होत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वेगाने जाताना हेल्मेटभोवती घोंघावणारा वाराच 90 डेसिबलच्या पुढे जातो. म्हणजे गाडी मूळ सायलेन्सरची असली, तरी तीन-चार तासांच्या प्रवासात कानांना त्रास होतोच. त्यात गडगडाटाची भर कशाला? लांबच्या प्रवासाला औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे कानात घालावेत. हॉर्न त्यातूनही ऐकू येतो. इअरफोन मात्र नकोत.

‘मोठ्या आवाजाने लोक बाजूला होतात, अपघात टळतो,’ असे काही जण सांगतात. पण सायलेन्सरचे तोंड मागे असते. काचा बंद करून पुढे चाललेल्या मोटारवाल्याला तो आवाज फारसा पोहोचत नाही. पोहोचतो तो रस्त्याकडेच्या घरांत. तेथे तान्हे मूल दचकून उठते, आजारी माणसाची झोप मोडते. रोज झोपमोड झाली की रक्तदाब व हृदयविकाराचा धोका वाढतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे.

सायलेन्सर बदलताना कित्येकदा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढला जातो. मग कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायू जास्त प्रमाणात बाहेर पडतो. बंद पडवीत किंवा शेडमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नये. या वायूला रंग नसतो, वासही नसतो. तसेच नव्या नळीवर संरक्षक पत्रा नसेल, तर मागे बसणाऱ्याची पोटरी भाजते. भाजल्यास वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे. हळद, शाई, टूथपेस्ट काहीही लावू नये. फोड फोडू नयेत.

मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनंतर ध्वनिप्रदूषणाच्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्सची अपात्रता अशी तरतूद आहे. पण खरा दंड कान भरतात, आणि तो माफ होत नाही.

सायलेन्सर गंजला, फुटला, तर त्याच मॉडेलचा कंपनीचाच बसवावा. जोडावरचे गॅस्केट नवे घालावे. कानात शिट्टी दोन दिवसांत थांबली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून श्रवणचाचणी करून घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी जावे. गेलेली श्रवणशक्ती परत आणणारे औषध नाही. उरलेली सांभाळणे मात्र आपल्या हातात आहे.