आधी मुळं बघा!

दादरच्या फुलबाजारात पहाटे जांभळ्या ऑर्किडच्या जुड्या उतरतात, त्या बहुतेक डेंड्रोबियमच्या असतात. लग्नाच्या मांडवात, सत्काराच्या पुष्पगुच्छात, हॉटेलच्या काउंटरवर हेच फूल. पण त्याच जातीचं झाड अंबरनाथच्या एखाद्या तिसऱ्या मजल्यावरच्या ग्रीलमध्ये टांगून फुलवता येतं, असं म्हटलं की लोक मान हलवतात. ‘ऑर्किड थंड हवेचं’, ‘त्याला काचघर लागतं’, ‘ते श्रीमंतांचं काम’ ही वाक्यं मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. मला ती पटत नाहीत. उल्हास नदीच्या या पट्ट्यातली हवा बऱ्याच ऑर्किडांना उत्तम मानवते. झाडं मरतात ती आपण पानाफुलांकडे बघत बसतो आणि मुळांकडे ढुंकूनही बघत नाही म्हणून.

प्रास्ताविक थोडक्यात उरकतो. मराठीत आमरी म्हणतात ते हे कूळ, जगात सुमारे २८,००० जाती. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या २०१९च्या सचित्र ग्रंथात भारतातल्या १,२५६ प्रकारांची नोंद आहे. काही आमऱ्या जमिनीत वाढतात, काही खडकावर, पण घरी टांगायला आपण आणतो त्या बहुधा झाडावर राहणाऱ्या. त्या बांडगूळ नव्हेत. बांडगूळ झाडाचा रस शोषतं, आमरी फक्त फांदीवर बसायची जागा घेते.

त्या रानात कशा जगतात हे बघायला आता माथेरान. नेरळहून वर गेलात की बाजारपेठेत न रेंगाळता झाडीत शिरा आणि मान वर करून चाला. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एच. एम. बर्डवूड यांनी एकोणिसाव्या शतकात माथेरान आणि महाबळेश्वरच्या वनस्पतींची यादी केली होती. पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयातले फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी कापडिया यांचा मुंबई परिसरातल्या ऑर्किडांवरचा ग्रंथ १९६६ साली निघाला. ज्यांना या विषयाची गोडी लागेल त्यांनी तो कुठल्या तरी ग्रंथालयात बसून जरूर चाळावा. माझ्या मते मात्र खरा धडा आंब्या-जांभळाच्या बेचक्यातच मिळतो. हिवाळा सरताना डेंड्रोबियम बार्बाट्युलम पानं गाळून बसतं आणि त्या उघड्या कांड्यांवर पांढरी फुलं धरतं. मृग तोंडावर आला की सीतेची वेणी गुलाबी तुरे सोडते. दोघींच्या मुळांशी माती नाही. मे महिन्यातली होरपळ त्यांनी सोसलेली असते आणि पुढचे चार महिने त्या धो धो पावसात उभ्या राहणार असतात. भिजायचं आणि लगेच वाळायचं, हे त्यांचं जगणं.

ही किमया मुळांची. (इथे मी रेंगाळणार आहे, कारण ऑर्किडमध्ये मला फुलाइतकंच, कधी फुलाहून जास्त, मूळ आवडतं.) व्हँडा नावाच्या ऑर्किडचं लोंबतं मूळ हातात घेऊन बघा. पेन्सिलीएवढं जाड, रुपेरी पांढरं, टोकाला मात्र हिरवं किंवा तांबूस, लकाकणारं. ते रुपेरी आवरण म्हणजे मेलेल्या, पोकळ पेशींचे थर. वनस्पतिशास्त्रात त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडं असताना त्यात हवा भरलेली असते, म्हणून ते पांढरं दिसतं. त्यावर पाण्याचा फवारा मारा. बघता बघता रंग पालटतो, आतला हिरवा थर दिसायला लागतो. म्हणजे मूळ प्यायलं. पुन्हा पांढरं झालं की त्याला तहान लागली. बोटाने कुंडीची ओल तपासत बसण्यापेक्षा हा रंग वाचायला शिकलेलं बरं.

वेंट नावाच्या शास्त्रज्ञाने १९४० साली जावातल्या झाडांवरच्या वनस्पतींचा अभ्यास करताना एक सुरेख विचार मांडला. पाऊस सुरू झाला की खोडावरून ओघळणारं पहिलं पाणी सर्वांत कसदार असतं. फांद्यांवरची धूळ, पक्ष्यांची शीट, कुजलेला पाला यांचं सत्त्व त्यात उतरलेलं असतं. व्हेलामेन ते पहिलंच पाणी पटकन टिपून घेतं. मृगाच्या पहिल्या सरीत बदलापूरची माणसं गच्चीवर भिजायला जातात, तेव्हा तिकडे जंगलात आमऱ्यांचं वर्षाचं जेवण चाललेलं असतं, या कल्पनेने मी दर वर्षी हरखतो.

हे मूळ मातीत पुरलं तर गुदमरतं. म्हणून माती नको, कोकोपीटही नको. लागतो तो कोळसा, नारळाची सोडणं आणि विटेचे तुकडे. आपल्याकडे हे सगळं हाताशी आहे. कोळसा इस्त्रीवाल्याकडे किंवा वखारीत मिळतो, सोडणं शहाळेवाला आनंदाने देतो. ती दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून, पाणी बदलून मगच वापरावीत. जाळीच्या प्लास्टिकच्या टोपल्या उल्हासनगरच्या बाजारात हव्या त्या मापाच्या मिळतात. तिथल्या फर्निचर बाजारात लाकडाचे तुकडेही मिळतात, पण प्लाय किंवा पॉलिश लागलेलं काही घेऊ नका.

उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमध्ये एका सिंधी काकूंची खिडकी मी मुद्दाम बघायला गेलो होतो. खोली लहान, ग्रील पूर्वेची, आणि त्या ग्रीलला रिकाम्या टोपल्यांत नुसते व्हँडा लटकवलेले. त्यांच्या पांढऱ्या मुळांची झालर पार खालच्या छज्ज्यापर्यंत आलेली. ‘भाऊ, इसको पानी से ज्यादा हवा चाहिए,’ एवढंच त्या म्हणाल्या. पुस्तकातली पानंच्या पानं त्या एका वाक्यात आली.

नवख्या माणसाने पहिलं झाड कुठलं घ्यावं? डेंड्रोबियमचा संकर, बिनदिक्कत. दुकानात सगळ्यांना भुलवतं ते फॅलेनॉप्सिस, ते फुलपाखरासारखं रुंद फूल. हरितगृहात लाडाने वाढलेलं, मॉसच्या घट्ट गोळ्यात कोंबलेलं ते झाड आपल्या पावसाळ्यात एकदम सापडतं. जंगलात ते कलतं वाढतं, पानांवरचं पाणी ओघळून जातं. कुंडीत आपण त्याला सरळ उभं करतो, मग मधल्या शेंड्यात पाणी साचून तो सडतो. घेतलंच तर फुलं संपल्यावर मॉस काढा, सोडणात तिरकं बसवा आणि पावसात आत ठेवा. त्याच्या बाबतीत बदलापूरकरांना एक फायदा आहे. समुद्रापासून दूर असल्यामुळे इथल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मुंबईपेक्षा गार असतात आणि फॅलेनॉप्सिसला फुलदांडा काढायला अशाच गार रात्री लागतात.

त्या अंतराचा तोटा एप्रिल-मेमध्ये कळतो. समुद्राचा वारा उशिरा पोचतो, पारा चाळिशी गाठतो. पश्चिमेच्या बाल्कनीत ५० टक्क्यांची हिरवी जाळी बांधलीच पाहिजे, ऊन फार असेल तर ७५ टक्क्यांची. सकाळी मुळं चिंब भिजवा, फार सुकत असतील तर दुपार टळल्यावर पुन्हा एकदा. बोअरचं पाणी जड असेल तर मुळांवर पांढरे क्षार धरतात, तिथे पावसाचं पाणी पिंपात साठवलेलं सोनं. पावसाळ्यात डेंड्रोबियम आणि व्हँडा खुशाल बाहेर राहू द्या, मात्र दोन टोपल्यांमध्ये वारा खेळला पाहिजे. पानांवर काळे, पाणचट डाग दिसले की ते पान कापून टाका आणि झाड कोरड्या जागी हलवा. गोगलगाय रात्री बॅटरी घेऊन शोधायची, कारण तिला मुळाचं कोवळं टोक आवडतं आणि टोक गेलं की मुळाची वाढ खुंटते.

खत म्हणजे शेतीच्या दुकानात मिळणारं एकोणीस-एकोणीस-एकोणीस, लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही आधी साधं पाणी मारून. वाढ थांबलेली असेल तेव्हा तेवढंही नको. आणि डेंड्रोबियमच्या जुन्या, पानं गळलेल्या कांड्या छाटू नका. त्यात पाणी आणि अन्न साठवलेलं असतं, त्यांच्याच शेंड्याला पुन्हा फूल येतं. कधी पेरावर फुलाऐवजी पिल्लू फुटतं. त्याची मुळं बोटभर झाली की अलगद काढून नव्या टोपलीत बांधायचं.

जंगलातून उपटलेली आमरी मात्र कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. राखीव वनातून ती काढणं १९२७च्या वन कायद्याने गुन्हा आहेच, पण मला त्याहून बोचतं ते वेगळं. तिचं बी धुळीसारखं बारीक, स्वतःचं अन्न जवळ नसलेलं. योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं आणि फुलायला त्याला वर्षं लागतात. १९२२ साली अमेरिकेत नुडसन यांनी साखर घातलेल्या अगारवर, बुरशीशिवाय, हे बी रुजवून दाखवलं. त्या वाटेने पुढे प्रयोगशाळेतली रोपं बाजारात आली. ती मिळत असताना घाटातली फांदी ओरबाडायचं काहीच कारण उरलेलं नाही.

खरेदीला घाई नको. फेब्रुवारीच्या सुमारास भायखळ्याच्या राणीच्या बागेत पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे आधी डोळे भरून बघा. मग कर्जत रस्त्यावरच्या रोपवाटिका पालथ्या घाला. शिमग्याच्या आत झाड घरी आलं तर कडक उन्हाळ्याआधी त्याला जागा सवयीची होते. फुलांनी लगडलेलं झाड बाजूला ठेवून टोपली उचला आणि खालून बघा. जाळीतून पांढरी, टणक, हिरव्या टोकाची मुळं बाहेर आलेली दिसली तर तेच घ्या, फूल एकच असलं तरी. तपकिरी, दाबली की चिमटीत साल निसटणारी मुळं असतील तर परत ठेवा. नावाची पट्टी नसेल तर विक्रेत्याकडून संकराचं नाव तिथल्या तिथे लिहून घ्या, पुढचं झाड निवडताना ते लागतं.