भिंगावरचे पाणी



थंडीच्या रात्री आकाशदर्शन आटोपून घरात पाऊल टाकावे आणि दुर्बिणीच्या भिंगावर एकाएकी धुके चढावे, हा अनुभव आपल्यापैकी काहींना असेल. आपण म्हणतो, ‘गारठ्याने भिंग ओले झाले.’ वस्तुतः भिंग गार झाले एवढाच गारठ्याचा दोष. पाणी आले ते घरातल्या उबदार हवेतून.

हिशेब साधा आहे. खोलीत २५ अंश सेल्सिअस तपमान व ६० टक्के आर्द्रता असली, तर दर घनमीटर हवेत सुमारे १४ ग्रॅम बाष्प असते. ही हवा १७ अंशांच्या खाली निवली की तेवढे बाष्प तिच्यात मावत नाही. जादा बाष्पाचे पाणी होते. या तपमानाला दवबिंदू म्हणतात. बाहेरून आलेली दुर्बीण १० अंशांवर असेल, तर तिला लागलेली हवा दवबिंदूखाली जाणारच. शीतगृहातून बाहेर पडणाऱ्या कामगाराचा चष्मा याच कारणाने धुरकट होतो.

पण चष्मा पुसून भागते, दुर्बिणीचे तसे नाही. आमच्या अभ्यासमंडळाने वर्गणी काढून एक द्विनेत्री दुर्बीण घेतली होती. डिसेंबरात निफाडकडच्या एका शेतातून आम्ही कृत्तिका पाहिल्या आणि पहाटे खोलीवर परतलो. आत दहा-बारा माणसे निजलेली, स्टोव्हवर चहा उकळत असलेला. भिंगे पांढरी झाली. एकाने ती उपरण्याने पुसली व दुर्बीण तशीच चामडी पेटीत बंद केली. बाहेरचे पाणी पुसले गेले, आतला ओलावा पेटीत कोंडला. पावसाळ्यानंतर पाहतो तो आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी! बुरशी काचेवरचा लेप खाते. मग ती साफ केली तरी डाग राहतो.

उपाय पैशाचा नाही, सवयीचा आहे. घरात शिरण्यापूर्वी, बाहेरच, झाकणे लावून दुर्बीण प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावी, हवा दाबून काढावी आणि तोंड घट्ट बांधावे. मग दव धरते ते पिशवीच्या बाहेरच्या अंगाला. दोन-तीन तास, मोठी दुर्बीण असल्यास त्याहून अधिक, पिशवी उघडू नये. कॅमेऱ्यालाही हाच नियम. चित्रे लगेच हवी असतील तर त्यातले कार्ड आधीच काढून घ्यावे.

चुकून भिंग ओले झालेच, तर पुसू नये. धुळीचे कण काचेवर ओरखडे काढतात. शेगडीजवळही धरू नये. झाकणे काढून कोरड्या खोलीत आपोआप वाळू द्यावे आणि पूर्ण वाळल्यावरच पेटीत ठेवावे. पेटीत सिलिका जेलची पुडी असावी व ती वेळोवेळी बदलावी.

आमच्या त्या सोबत्याला कोणी बोल लावला नाही. दुर्बीण सर्वांची होती, पण ती राखायची कशी हे कोणीच कोणाला सांगितले नव्हते. वस्तू सामायिक करायची, तर तिचे ज्ञानही सामायिक केले पाहिजे.