कम्युनिकेशनची पदवी : फॉर्म भरण्याआधी आणि भरल्यानंतर

बारावीचे निकाल लागले की आम्हा कार्यकर्त्यांचे फोन वाजू लागतात. हमरिया फ्री झोनमध्ये पोट भरणारे आपण बहुतेक जण रसायने, पोलाद, रंग नाहीतर तेल यांच्याशी बांधलेले. त्यामुळे इंजिनियरिंग किंवा फार्मसीबद्दल कोणी विचारले तर पाच मिनिटांत उत्तर देता येते. यंदा मात्र तीन घरांतून एकच विचारणा झाली : ‘‘मुलगी मास कम्युनिकेशन घ्यायचं म्हणते. हे नक्की काय आहे, आणि पुढे काय?’’ एका वहिनींनी तर ‘‘म्हणजे टीव्हीवर बातम्या वाचणार का?’’ असेच विचारले. आमचे शिक्षण रसायनशास्त्रातले, पण गेली दोन वर्षे घरच्याच एका प्रकरणामुळे या विषयाची बरीच कागदपत्रे आम्हाला वाचावी लागली. ती माहिती इथे देत आहोत.

बातमीदारी हा या शाखेचा एक कोपरा. जाहिरात, जनसंपर्क, चित्रफीत, संपादन, संशोधन असे बरेच काही तिच्यात येते. दुबई मीडिया सिटी २००१ मध्ये उघडली, आपल्या शारजाची ‘शम्स’ मीडिया सिटी २०१७ ची. तेव्हा या शिक्षणाला इथे काम नाही, असे म्हणता येणार नाही.

शिकायचे कुठे? घरातून ये-जा करायची तर शारजाची युनिव्हर्सिटी सिटी आहे. तिथे १९९७ मध्ये सुरू झालेली दोन विद्यापीठे आहेत : शारजा विद्यापीठ आणि अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ शारजा. दोन्हीकडे हा विषय आहे. शिकवण्याची भाषा मात्र आधी विचारून घ्यावी. प्रवेशाला बारावीची टक्केवारी आणि इंग्रजीची परीक्षा (आयेल्ट्स किंवा टोफेल) लागते. एमसॅट ही सरकारी परीक्षा २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा तिच्या शिकवणीवर कोणी पैसे घालवू नयेत.

भारतात पाठवायचे तर मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांतला पूर्वीचा बी.एम.एम. आता बी.ए. (मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन) झाला आहे. पुण्यात विमाननगरला सिंबायोसिस आहे, तिथे ‘सेट’ ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग १९६४ चा, पण तिथला अभ्यासक्रम पदवीनंतरचा. ज्या घरात ‘आधी बी.एस्सी. कर’ यावरून अबोला धरला गेला आहे, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. कोणतीही पदवी घेऊन नंतर इकडे वळता येते. (आम्ही स्वतः बी.एस्सी.च्या बाजूचे, हे सांगायला नकोच!) आणखी एक : एन.आय.टी.साठी आपण ज्या ‘दासा’ योजनेच्या भरवशावर असतो, ती या शाखेला लागू नाही.

आता खरा मुद्दा. आपल्याकडे प्रवेश मिळाला की पेढे वाटतात आणि आईबाप निश्चिंत होतात. अमेरिकन पद्धतीत तसे चालत नाही. इथे पदवी क्रेडिटने मोजतात. आठवड्याला एक तास, सुमारे पंधरा आठवडे, म्हणजे ढोबळमानाने एक क्रेडिट. चार वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात. पण नुसती बेरीज १२० झाली म्हणजे पदवी मिळाली, असे नव्हे. सामान्य शिक्षणाचे इतके, मुख्य विषयाचे इतके, ऐच्छिक इतके, असे खण ठरलेले असतात. वरून एकूण सरासरी सहसा ४ पैकी किमान २ लागते आणि बहुतेक ठिकाणी इंटर्नशिप व शेवटचा प्रकल्पही असतो. प्रयोगशाळेत एकूण वजन बरोबर आले, पण घटक चुकीचे पडले, तर बॅच नापासच होते. तसलाच हा प्रकार.

आमची भाची दुसऱ्या एका अमिरातीत शिकत होती. हुशार, सरासरी उत्तम. तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तिने एका जाहिरात कंपनीत आठ आठवडे काम केले. घरात कौतुक झाले. शेवटच्या सेमिस्टरला कळले की इंटर्नशिप आधी नोंदवून, अ‍ॅडव्हायजरची सही घेऊन करायची होती. ती धरली जाणार नाही. शिवाय छायाचित्रणाचे दोन विषय तिने हौसेने घेतले होते. ऐच्छिकचा खण आधीच भरलेला असल्याने तेही वाया गेले. सल्लागार सेमिस्टरला एकदा दहा मिनिटे भेटत आणि पडद्यावरची यादी मंजूर करत. त्यांच्याकडेही विद्यार्थी ढीगभर. दोष कोणाचा, यावर आमच्या ताईच्या घरी पुष्कळ बोलणी झाली, पण पदवी एक सेमिस्टर पुढे गेली ती गेलीच. मेहुण्यांचे कंत्राट जूनमध्ये संपत होते, कोल्हापूरला जायची तिकिटे काढलेली होती. वडिलांच्या व्हिसावरून मुलीला विद्यापीठाच्या व्हिसावर घ्यावे लागले आणि ती चार महिने आमच्याकडे राहिली. फीचा आकडा इथे लिहीत नाही; मेहुणेही हा अंक वाचतात.

तेव्हा पहिल्याच आठवड्यात प्रवेशाच्या वर्षाचे कॅटलॉग छापून घरी ठेवावे. नियम पुढे बदलले तरी सहसा तेच वर्ष धरतात. त्यातला पदवीचा तक्ता भिंतीवर लावून दर सेमिस्टरला खुणा कराव्यात. ९० क्रेडिट झाले की पदवीला काय उरले आहे, ते लेखी मागावे. तोंडी ‘हो’ नंतर कोणालाच आठवत नाही.

मध्येच विद्यापीठ बदलणाऱ्यांसाठी : भारतातल्या नव्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० आणि चार वर्षांच्या पदवीला १६० क्रेडिट आहेत. म्हणजे तिकडे वर्षाला ४०, इकडे ३०. आकडे सारखे दिसले तरी एकास एक बदलून मिळतील असे धरू नये. आणि पुण्या-मुंबईला ठेवलेल्या मुलांना सहसा सहा महिन्यांच्या आत एकदा इथे आणावेच लागते, नाहीतर रहिवासी व्हिसा रद्द होतो. परीक्षेचे वेळापत्रक आणि विमानाचे तिकीट एकत्रच पाहावे. मुलग्यांना २०२२ पासून वडिलांच्या व्हिसावर पंचविशीपर्यंत राहता येते, तेवढी एक चिंता कमी झाली.

ज्या तीन घरांतून फोन आले, त्यांनी मुलींसह भेटावे. भाचीचा खुणा केलेला तक्ता आमच्याकडे आहे, त्याच्या प्रती काढून ठेवल्या आहेत. भाची सध्या शारजातच नोकरीला आहे आणि शुक्रवारी तिला सुट्टी असते. तिला विचारलेत तर आमच्यापेक्षा नेमके सांगेल. येताना बारावीची गुणपत्रिका आणावी, आणि शक्यतो बाबांनीही यावे.