इरुंगाट्टुकोट्टैतून दिसणारे जग

आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास म्हणजे शिखर परिषदा, करार आणि युद्धे यांचा अभ्यास, अशी समजूत रूढ आहे. परंतु इतिहास, समाजशास्त्र आणि साहित्य यांची जोड दिल्याखेरीज जागतिक घडामोडींचा मोठा भाग नजरेआडच राहतो, हे चेन्नईच्या पश्चिमेस बंगळुरू महामार्गालगत असलेल्या इरुंगाट्टुकोट्टैकडे पाहिले की ध्यानात येते. येथे १९९६ मध्ये ह्युंदाई या दक्षिण कोरियन कंपनीने मोटारींचा कारखाना उभारण्यास प्रारंभ केला. बांधकाम चालू असतानाच, १९९७ च्या अखेरीस, आशियाई आर्थिक संकटामुळे कोरियाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावा लागला, तरीही १९९८ मध्ये ‘सँट्रो’ बाजारात आली. ही चिकाटी केवळ ताळेबंद वाचून उलगडत नाही; त्यासाठी ‘चेबोल’, म्हणजे एकेका घराण्याच्या ताब्यातील आणि सरकारी आश्रयाने वाढलेले अवाढव्य उद्योगसमूह, कसे घडले हे जाणावे लागते.

याच पट्ट्यात, श्रीपेरुंबुदूरजवळच्या सॅमसंगच्या कारखान्यात, सप्टेंबर २०२४ मध्ये कामगारांनी संघटनेच्या मान्यतेसाठी पुकारलेला संप ३७ दिवस चालला. संघटनेला स्थान न देण्याचे धोरण या समूहाने मायदेशीही दीर्घकाळ चालवले होते आणि ते सोडण्याची जाहीर ग्वाही २०२० मध्ये दिली होती. म्हणून हा संप तमिळनाडूच्या कामगार चळवळीचा जितका, तितकाच कोरियाच्या सामाजिक इतिहासाचाही भाग ठरतो. साहित्यातही हे नाते शोधले जाते: ‘सामगुक युसा’ या तेराव्या शतकातील कोरियन ग्रंथात समुद्रमार्गे आलेल्या, भारताशी जोडल्या जाणाऱ्या ‘आयुता’च्या राजकन्येची कथा आहे. ती खरी की कल्पित, यापेक्षा भारत आणि कोरिया या दोन आधुनिक राष्ट्रांना आज तिची गरज का भासते, हा प्रश्न मानव्यविद्येच्या अभ्यासकाला अधिक मोलाचा वाटतो, आणि ते योग्यच आहे.

महाराष्ट्राशी या कोरियन कारखान्यांच्या कहाणीचा धागा मावळातील तळेगावात जुळतो. जनरल मोटर्सचा तेथील कारखाना घेऊ पाहणाऱ्या ग्रेट वॉल या चिनी कंपनीने १५ जून २०२० रोजी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला आणि त्याच रात्री गलवान खोऱ्यात भारतीय व चिनी सैनिकांची झटापट झाली. पुढे गुंतवणुकीची परवानगी न मिळाल्याने तो व्यवहार बारगळला. ऑगस्ट २०२३ मध्ये हा कारखाना विकत घेण्याचा करार ह्युंदाईने केला, त्यामुळे इरुंगाट्टुकोट्टैच्या आसपासची शेती, भाड्याच्या खोल्या आणि कंत्राटी रोजगार यांचे काय झाले, हा समाजशास्त्रीय प्रश्न आता मावळातील गावांनाही लागू होतो.