क्लाउडवरचा डेटा आणि बॅकअपचा भ्रम

डेटा क्लाउडवर ठेवला की त्याचा बॅकअप आपोआप होतो आणि पुढची काळजी कंपनी घेते, हा समज भल्याभल्यांना महागात पडला आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि तिथली एक पाच मजली इमारत जळून गेली. ज्यांनी बॅकअप घेतलाच नव्हता त्यांचे नुकसान झालेच. पण एका ग्राहकाने बॅकअपसाठी वेगळे पैसे मोजूनही त्याची प्रत मूळ सर्व्हरच्याच इमारतीत ठेवलेली निघाली. २०२३ मध्ये लीलच्या व्यापारी न्यायालयाने त्या ग्राहकाला एक लाख युरोंहून अधिक भरपाई देण्याचा आदेश ओव्हीएचला दिला. गेलेला डेटा मात्र भरपाईने परत येत नाही. म्हणून ‘बॅकअप आहे का?’ एवढेच विचारून भागत नाही. तो कुठे आहे आणि कोणाच्या ताब्यात आहे, हेही विचारायला हवे.

सेवा चालू राहण्याच्या ‘९९.९९ टक्के’ या आकड्याबद्दलही असाच घोळ आहे. तीस दिवसांच्या महिन्यात साधारण चार मिनिटे वीस सेकंदच सेवा बंद राहील, असे त्यातून वाटते. प्रत्यक्षात हा आकडा बिलातल्या सवलतीची अट असतो. ॲमेझॉनच्या ईसीटू या भाड्याने सर्व्हर देणाऱ्या सेवेच्या करारात हे प्रमाण त्याखाली घसरले, पण ९९ टक्क्यांवर राहिले, तर १० टक्के सवलत मिळते, तीही मागितल्यावर. म्हणजे जवळपास सात तास दुकान बंद राहिले तरी हातात येते ती भाड्यातली किरकोळ सूट. बुडालेल्या धंद्याचा त्यात हिशेबच नाही. तांत्रिक मदतीचेही तसेच: ॲमेझॉनच्या फुकटच्या मूळ योजनेत ती नसते, तिचे पैसे वेगळे. आणि सेवा चालू आहे की बंद हे दाखवणारे कंपनीचे स्थितीदर्शक पान तरी खरे सांगेल, यावरही विसंबता येत नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनची एसथ्री ही डेटा साठवण्याची सेवा कोलमडली, तेव्हा ते पान अद्ययावत करण्याची यंत्रणा त्याच सेवेवर अवलंबून असल्यामुळे सुमारे दोन तास त्यावर सेवांची खरी स्थिती दाखवता आली नाही.

मग ऑफिसातल्या कोपऱ्यात स्वतःचा सर्व्हर ठेवणे बरे, असे कोणी म्हणेल. ते पटत नाही. वीज, थंडावा आणि चोवीस तास देखरेख यांत छोटा व्यावसायिक मोठ्या डेटा सेंटरची बरोबरी करू शकत नाही. प्रश्न सगळी भिस्त एकाच कंपनीवर ठेवण्याचा आहे. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे गूगल क्लाउडवरचे खाजगी क्लाउड पुसले गेले. ते उभारताना गूगलच्या अंतर्गत साधनात एक रकाना रिकामा राहिला होता. त्यामुळे वर्षभराची मुदत आपोआप लागली आणि ती संपताच, ग्राहकाला कसलीही पूर्वसूचना न जाता, सारे हटवले गेले. दोन ठिकाणी ठेवलेल्या प्रतीही वाचल्या नाहीत, कारण दोन्ही त्याच खाजगी क्लाउडच्या होत्या. सहा लाखांहून अधिक सभासदांच्या या निधीला सावरताना दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेला बॅकअप कामी आला. अशी व्यवस्था बड्या संस्थांनाच परवडते, हा आक्षेपही टिकत नाही: हिशेब, ग्राहकांच्या याद्या आणि करारपत्रे एवढ्याची प्रत दुसरीकडे ठेवायला लागणारे भाडे बहुतेकांच्या आवाक्यातले असते. ती प्रत अधूनमधून खरोखर उघडून पाहिली पाहिजे, याला मात्र पैशांपेक्षा शिस्त जास्त लागते.