रोजकीर्दीचे नाव

आमच्या गायनशाळेतील संगणकावर वडिलांच्या बंदिशींची सूची करावयास घेतली ती २०१४ साली. वडील दरबारी गवई. त्यांच्या हातच्या सात वह्या घरी आहेत. एका जुन्या शिष्याने पोस्टग्रेस नावाचा, कोणासही विनामूल्य मिळणारा डेटाबेस बसवून दिला. पुढल्या वर्षी एके सकाळी यंत्रातील जागा संपली व कामच थांबले. काय काढून टाकता येईल ते शोधू लागलो, तो 'पीजी-एक्सलॉग' नावाचा एक फोल्डर सापडला. आमच्या सूचीच्या कितीतरी पट जागा त्याने अडवली होती. लॉग म्हणजे यंत्राच्या बारीकसारीक हकिकतीची टिपणे, एवढे मला ठाऊक होते. जुनी टिपणे कोणास हवीत? पुसून टाकली. त्यानंतर डेटाबेस सुरूच होईना.

पेढीवरील जुनी रीत वाचकांस माहीत असेल. व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहावयाचा, मग सवडीने खतावणीत चढवावयाचा. डेटाबेसही असेच करतो. मधेच वीज गेली तर रोजकीर्द वाचून खतावणी पुन्हा जुळवून घेतो. मी पुसली ती ही रोजकीर्द. शिष्याने 'पीजी-रीसेटएक्सलॉग' हे अवजार चालवून डेटाबेस कसाबसा उभा केला; पण कोणती नोंद पुरी आणि कोणती अर्धी, हे सांगण्यास आता कोणी उरले नव्हते. वह्यांतील बंदिशी वह्यांवरून ताडून घेतल्या. आदल्या संध्याकाळी मात्र वडिलांचे तबल्याचे साथीदार, ऐंशी ओलांडलेले काका, यांनी तोंडी सांगून अकरा चिजा लिहविल्या होत्या. त्या कोणत्याच वहीत नव्हत्या. काकांना पुन्हा विचारले तेव्हा चारच आठवल्या. दिवाळीनंतर काका गेले.

चूक माझीच. तरी असे करणारा मी एकटा नव्हतो, हे पुढे कळले. जगभर अनेकांनी त्या नावास फसून तोच फोल्डर रिकामा केला होता. शेवटी ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीत पोस्टग्रेसच्या मंडळींनी नाव बदलून 'पीजी-वॉल' केले. 'पीजी-क्लॉग' नावाचा दुसरा असाच धोक्याचा फोल्डर होता. कोणता व्यवहार पुरा झाला, कोणता रद्द, याची नोंद त्यात असते. तो 'पीजी-एक्झॅक्ट' झाला. मग अवजारांची नावेही बदलणे आले: रीसेटएक्सलॉगचे रीसेटवॉल, रिसीव्हएक्सलॉगचे रिसीव्हवॉल. एसक्यूएलमधून हाक मारावयाच्या कित्येक फंक्शनांचेही तसेच. जुनी नावे गृहीत धरून लिहिलेल्या आज्ञावल्या लोकांना दुरुस्त कराव्या लागल्या. हा त्रास काही थोडा नाही; वर्षानुवर्षे चालत आलेली आज्ञावली एका सकाळी 'असे काही नाही' म्हणून थांबते. तरी माझ्या मते त्यांनी योग्य तेच केले, आणि उशिरा केले.

एसक्यूएल ही डेटाबेसशी बोलावयाची भाषा. तीत नवा शब्द घालतानाही ही मंडळी अशीच अडखळतात. 'मर्ज' या आज्ञेचे उदाहरण घ्या. नोंद असेल तर सुधारा, नसेल तर नवी घाला, असा तिचा साधा अर्थ. २००३ च्या प्रमाण एसक्यूएलमध्ये ती आहे. पण दोघांनी एकाच क्षणी तीच नोंद घालू पाहिली तर? तेथेही निभावून नेणारी सोय पोस्टग्रेसमध्ये जानेवारी २०१६ च्या साडेनवव्या आवृत्तीत आली, आणि तिला त्यांनी 'मर्ज' म्हटले नाही. प्रमाणातील मर्ज तसे आश्वासन देत नाही. तेव्हा नाव एक व वागणूक दुसरी नको, म्हणून 'ऑन कॉन्फ्लिक्ट' असे वेगळे शब्द घेतले. खरी मर्ज एप्रिल २०१८ मध्ये आत घेतली, आणि त्याच महिन्यात, कच्ची वाटली म्हणून, काढूनही टाकली. ती आली ऑक्टोबर २०२२ मध्ये, पंधराव्या आवृत्तीत.

मला हे वाचून तोडी आठवली. कर्नाटकी गवई ज्या स्वरांस तोडी म्हणतो, ते ऐकून आमचा विद्यार्थी 'ही तर भैरवी' म्हणतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर. मैफलीत अशा गोंधळाची गंमत वाटते. हिशेबाच्या यंत्रात ती परवडत नाही.

गंमत अशी, की स्वतःच्या नावात या मंडळींना हे साधले नाही. बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी आधी इंग्रेस केले. १९८६ मध्ये त्याच्या पुढचे म्हणून पोस्टग्रेस हाती घेतले. नंतर दोघा विद्यार्थ्यांनी त्यात एसक्यूएल आणून नाव ठेवले पोस्टग्रेस-९५. वर्षाचा आकडा लवकर शिळा होणार, हे ध्यानात येताच १९९६ मध्ये ते पोस्टग्रेस-क्यूएल झाले. ते उच्चारताना अजून लोकांची जीभ अडखळते. बहुतेकजण पोस्टग्रेसच म्हणतात.

शाळेतील सूची आता नव्या आवृत्तीवर आहे. दर रविवारी तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर जाते. काकांच्या चार चिजा तीत पुऱ्या आहेत. उरलेल्या सातांच्या ओळींत मला आठवतात तेवढी रागांची नावे घातली आहेत. पुढील रकाने रिकामे आहेत.