मोतीला दिवाळी नकोशी का होते?

नरकचतुर्दशीच्या पहाटे पहिली माळ कडाडली, की मुले अंगणात धावतात आणि घरातला मोती मात्र कॉटखाली शिरतो. शेपूट पायांत, कान मागे, सारे अंग थरथरत असते. आवडीची पोळी पुढे ठेवली तरी तो तिला तोंड लावत नाही. ‘‘एवढा मोठा कुत्रा, आणि इतका भित्रा!’’ असे म्हणून घरातली मंडळी हसतात. विद्यार्थी मित्रांनो, या भीतीची कारणे मोतीच्या कानांत आणि मेंदूत आहेत. ती नीट समजून घेतली, तर त्याची भीती कमी करता येते.

कानांतला फरक

तरुण, निरोगी माणसाला सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपने असलेला ध्वनी ऐकू येतो. कुत्र्याची वरची मर्यादा सुमारे ४५,००० कंपनांपर्यंत जाते, मांजराची तर त्याहूनही पुढे. सुतळी बॉम्बचा धडाका हा पेटीच्या सुरासारखा एकाच कंपनसंख्येचा नसतो. क्षणार्धात हवेचा दाब एकदम वाढतो आणि उतरतो. अशा आघातात लहानमोठ्या अनेक कंपनसंख्या एकत्र असतात. त्यांपैकी काही आपल्याला ऐकूच येत नाहीत. जवळच्या कुत्र्याला मात्र त्या ऐकू येतात.

आता आवाजाच्या जोराचे गणित पाहू. डेसिबलची मोजपट्टी फूटपट्टीसारखी नसते. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता १० पट होते, २० वाढले की १०० पट. केंद्र शासनाच्या १९९९ च्या नियमानुसार, फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यांवर बंदी आहे. मोकळ्या जागेत अंतर १० पट झाले की आवाज सुमारे २० डेसिबलने उतरतो. म्हणजे नियमात बसणारा फटाकाही ४० मीटरवर १०५ डेसिबलच्या आसपास राहू शकतो. आपले साधे बोलणे असते सुमारे ६० डेसिबल. या दोहोंतील फरक ढोबळमानाने तीस हजार पटींचा झाला!

शरीरातील धोक्याची घंटा

असा आवाज कानी पडताच मेंदू धोक्याचा इशारा देतो. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी अॅड्रिनॅलिन हे संप्रेरक रक्तात सोडतात. हृदय जोराने धडधडते, धाप लागते, स्नायू पळण्यासाठी सज्ज होतात आणि भूक मावळते. पोळी तशीच का राहिली, ते आता कळले ना? जांभया देणे, ओठ चाटत राहणे, लाळ गाळणे याही भीतीच्याच खुणा आहेत. आज दिवाळी आहे, हे आपल्याला दिनदर्शिका सांगते. मोतीला यातले काहीच ठाऊक नसते. आवाज केव्हा येणार आणि केव्हा थांबणार, हे न कळल्याने त्याची भीती अधिकच वाढते.

भीती शिकली जाते

घंटी किंवा तालमापक यांच्या आवाजानंतर वारंवार अन्न दिले, तर पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याला लाळ सुटते, हा रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांचा प्रयोग तुम्ही वाचला असेल. त्यांच्याच प्रयोगशाळेतील आणखी एक हकिगत ऐका. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राड शहरात मोठा पूर आला. पावलॉव्ह यांच्या कुत्र्यांच्या खोल्यांत पाणी शिरले आणि कुत्र्यांना महत्प्रयासाने बाहेर काढावे लागले. पुढे पूर ओसरला, सारे स्थिरस्थावर झाले. पण दाराखालून पाण्याची बारीकशी धार आत सोडताच एका कुत्र्याची भीती पुन्हा जागी झाली.

मोतीचेही असेच होते. एका दिवाळीत बसलेला धसका पुढच्या दिवाळीला अधिक पक्का होतो. मग फटाकाच काय, दार आपटले तरी तो दचकू लागतो. ‘सवय होईल आपोआप’ असे म्हणून त्याला अंगणात बांधून ठेवणे म्हणूनच घातक आहे.

तीच किल्ली उलटी फिरवा

आवाजाची जोडी भीतीशी जुळते, तशी ती खाऊशीही जुळू शकते. दिवाळीच्या दोन महिने आधी फटाक्यांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण अगदी हळू लावा. मोती शांत असतानाच आवाज ऐकवा आणि लगेच आवडीचा घास द्या. आवाज आधी, घास नंतर, हा क्रम मोडू नका. काही दिवसांनी आवाज किंचित वाढवा. तो घाबरला, तर पुन्हा कमी करा. घाई केल्यास उलट भीतीच पक्की होते.

प्रत्यक्ष दिवाळीतही प्रत्येक धडाक्यानंतर घास द्यावा, किंवा त्याच्याशी खेळावे. बर्न विद्यापीठातील स्टेफनी रीमर यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, हा उपाय करणाऱ्या ७० टक्क्यांहून अधिक पालकांनी कुत्र्याची भीती कमी झाल्याचे सांगितले.

फटाके सुरू होण्यापूर्वीच त्याला फिरवून आणा. आतल्या खोलीत ठेवा, दारे-खिडक्या लावा, रेडिओ किंवा पंखा चालू ठेवा. तो लपला असेल तर ओढून बाहेर काढू नका. बिथरलेली कुत्री पळून जाऊन हरवतात, म्हणून गळपट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक लिहा. जवळ घेतल्याने कुत्रा अधिक भितो, हा समज चुकीचा आहे. भीती ही खोडी नव्हे. मायेने ती वाढत नाही. फारच त्रास होत असेल, तर पशुवैद्यांना आधीच भेटा. घरातल्या माणसांच्या गोळ्या मात्र चुकूनही देऊ नका. गल्लीतल्या कुत्र्यांना तर खोलीही नसते. त्यांना जिन्याखाली निवारा घेऊ द्या, आणि ती जेथे बसतात तेथे फटाके उडवू नका.

एवढे करून पाहा

रात्री आकाशात फटाका फुटताना आधी उजेड दिसतो, मग आवाज येतो. मधले सेकंद मोजा आणि त्यांना ३४० ने गुणा. फटाक्याचे अंतर मीटरमध्ये मिळेल. त्या वेळी मोतीचे कान, शेपूट आणि श्वास कसे होते, तेही वहीत टिपा. किती अंतरापासून तो अस्वस्थ होतो, हे त्या नोंदींवरून कळेल. निदान तेवढ्या अंतरात फटाके न उडवण्याची विनंती शेजाऱ्यांना करताना ती वही बरोबर न्या.